आत्महत्येचे विचार असलेला पेशंट आणि आपली नर्सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीएनएम-बीएस्सी नर्सिंगच्या मुली, जनरल वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदर आणि कितीतरी पेशंटचे घरचे लोक, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी मानसोपचार वॉर्डातली नर्स आहे, त्यामुळे बोलणं वॉर्डातलंच असणार. कुठलंही उत्तर वेगळं वाचलं तरी चालेल, जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध आहे तिथे नंबर दिलाय.

आणि हे वाचताना तुमच्या स्वतःच्याच मनात असे विचार असतील तर आधी १४४१६ ला फोन करा. ही केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. जीव आत्ता धोक्यात असेल तर ११२, किंवा जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. एकटं राहू नका, शेजारचं दार वाजवलं तरी चालेल.

१. पेशंटला "आत्महत्येचे विचार येतात का" असं सरळ विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात ते शिरणार नाही का?

नाही शिरत. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच भीतीने होतं, कारण या भीतीपायी कुणीच विचारत नाही आणि पेशंट एकटाच ते घेऊन बसलेला असतो. यावर अभ्यास झालेत, विचारल्याने विचार वाढतात असं कुठे दिसलेलं नाही, बऱ्याच जणांना उलट सुटल्यासारखं वाटतं.

फक्त केसपेपर हातात धरून उभ्याउभ्या विचारू नका. स्टूल ओढा, बसा, पडदा लावा, नातेवाइकांना चहा प्यायला पाठवा. मग हळूहळू जा. "झोप कशी लागतेय?" "एवढं सगळं झाल्यावर कधी जीव नकोसा होतो का?" हो म्हणाले तर तिथेच थांबू नका, पुढचं विचारा: "म्हणजे स्वतःचा जीव घ्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? कधी? त्यासाठी काही जमवून ठेवलंय का? आत्तापर्यंत कशामुळे थांबलात?" हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण उत्तरात जे येतं, मुलगी, आई, अर्धवट राहिलेलं घराचं काम, काहीही, त्यालाच धरून पुढची काळजी उभी करायची असते.

आणि "तसं काही वेडंवाकडं मनात नाही ना तुमच्या?" असं कृपा करून विचारू नका. अशा प्रश्नाला माणूस नाहीच म्हणणार, आपणच त्याला उत्तर सांगून टाकलेलं असतं.

२. धोक्याची लक्षणं नक्की कुठली बघायची?

आधी पार्श्वभूमी. पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असणं ही सगळ्यात जड गोष्ट. त्याशिवाय डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, दारू, सततचं दुखणं, कॅन्सरसारखा आजार, नुकतंच झालेलं मोठं नुकसान (माणूस गेलं, नोकरी गेली, कर्ज, लग्न मोडलं, परीक्षेचा निकाल), घरात मारहाण, एकटं राहणं. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या आकड्यांत देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात, राज्यांमध्ये सगळ्यात जास्त. मजुरी करणाऱ्यांचं प्रमाण त्यात एक चतुर्थांशाहून जास्त आहे, म्हणजे शेतकरी आणि विद्यार्थी यांच्याबद्दल आपण बोलतो ते बरोबरच, पण रोजंदारीवरचा माणूस आपल्या नजरेतून सुटतो.

आता वॉर्डात प्रत्यक्ष दिसणारं. रात्र रात्र जागा राहणं, येरझाऱ्या, हात चोळत बसणं. जेवण परत पाठवणं. "माझं आता काही खरं नाही", "तुम्हाला माझा त्रास फार दिवस नाही", "पोरांकडे लक्ष ठेव" अशी वाक्यं. भावाला बोलावून बँकेचं पासबुक देणं, मोबाइल-घड्याळ देऊन टाकणं, कुणाकुणाला फोन करून माफी मागणं. कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखं दिसणं, आणि मर म्हणून सांगणारे आवाज येत असतील तर तो तातडीचा पेशंट, राउंडपर्यंत थांबायचं नाही, ऑन कॉल डॉक्टरला लगेच फोन. अचानक आलेल्या शांततेचं प्रश्न ९ मध्ये लिहिलंय.

३. जो बोलून दाखवतो तो करत नाही, हे खरं आहे का?

खोटं आहे. जीव गेलेल्या कितीतरी जणांनी आधी कुणाला ना कुणाला काहीतरी बोललेलं असतं, सरळ किंवा आडून. पेशंट बोलला तर ते खरं धरायचं, केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहायचं, डॉक्टरला कळवायचं.

४. स्केल भरून "लो रिस्क" आलं तर निर्धास्त राहायचं का?

नाही. कोलंबिया स्केल (आत्महत्येच्या धोक्याबद्दलची ठरावीक प्रश्नावली) चांगलं आहे, कुठले प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे याची शिस्त लागते, नवीन मुलींना तर मी आवर्जून शिकवते. पण आकडा बघून पुढे कोण करेल आणि कोण नाही हे सांगता येत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्टच लिहिलंय की पुढचा अंदाज बांधायला किंवा कुणाला उपचार द्यायचे आणि कुणाला घरी सोडायचं हे ठरवायला स्केल वापरू नका. माझं म्हणणंही तेच आहे. बीपी आपण ॲडमिशनला एकदा घेऊन सोडून देतो का? तसंच हे, सकाळी ठीक असलेला माणूस दुपारी बायकोचा फोन आल्यावर ठीक नसतो, म्हणून प्रत्येक शिफ्टला नव्याने विचारायचं, आणि काही घडलं की मधेही.

५. ड्युटीवर गेल्यावर अशा पेशंटसाठी नक्की काय काय करायचं?

पहिलं, हँडओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती, बेडपाशी घ्या. "बेड नऊ, सुसायडल, वॉच ठेवा" हा हँडओव्हर नाही. असं पाहिजे: "बेड नऊ, काल रात्री दोनपर्यंत जागे होते, मला म्हणाले की घरी गेलो की संपवतो, कसं ते सांगितलं नाही, भाऊ संध्याकाळी सातला गेला, मोठी मुलगी उद्या येणार आहे तिची वाट बघतायत, वन टू वन चालू आहे, डॉक्टरांना दीडला कळवलंय." ऐकणाऱ्याला आता माहीत आहे की कशाला घाबरायचं आणि कशाला धरायचं.

दुसरं, ऑब्झर्वेशनची लेव्हल कुठली आहे ते बघा. धोका फार असेल तर एक माणूस सतत हाताच्या अंतरावर, बाथरूमलासुद्धा, यालाच वन टू वन म्हणतात. त्याखाली सतत नजरेच्या टप्प्यात. त्याखाली ठरावीक वेळाने बघणं, बहुतेक ठिकाणी पंधरा मिनिटांत एकदा तरी, पण घड्याळ लावून बरोब्बर पंधराव्या मिनिटाला जाऊ नका, वेळ मागेपुढे ठेवा. हँडओव्हरची वेळ, जेवणाची वेळ, पहाट आणि रविवार, जेव्हा माणसं कमी असतात किंवा सगळे कामात गुंतलेले असतात, तेव्हा जास्त जागं राहायचं. लेव्हल नर्सला एकटीने वाढवता येते, धोका दिसला की वाढवा आणि मग कळवा, कमी मात्र टीमने बोलून करायची.

तिसरं, बघितल्या बघितल्या लिहा. शिफ्टच्या शेवटी चार्टचे सगळे चौकोन एकदम भरणं हे मी बऱ्याच ठिकाणी बघते आणि त्याने जीव जातात.

६. कॉन्स्टंट ऑब्झर्वेशन म्हणजे नुसतं शेजारी बसून राहायचं का? पेशंट तर चिडतात.

चिडणारच, आपल्यावर कुणी असा पहारा ठेवला तर आपणही चिडू. म्हणून आधी सांगायचं: "आज तुम्हाला एकटं सोडायचं नाही असं आम्ही ठरवलंय, शिक्षा म्हणून नाही, तुमचा आजचा दिवस अवघड आहे म्हणून." मोबाइल बाजूला ठेवायचा. गप्पा मारायच्या म्हणजे समुपदेशनच करायला पाहिजे असं नाही, गावाकडे पाऊस झाला का, जेवणात काय आवडतं, पत्ते खेळू का, आणि नसेल बोलायचं तर गप्प बसायलाही आलं पाहिजे. बाथरूमला जाताना दार अर्धवट उघडं, शक्यतो बाईसोबत बाई आणि पुरुषासोबत पुरुष, आणि बोलत राहायचं.

एकाच माणसाला तासन्‌तास बसवू नका, लक्ष उडतं. तासा-दोन तासांनी माणूस बदला आणि बदलताना पेशंटसमोरच एकमेकांची ओळख करून द्या.

"सगळं ठीक होईल", "लोकांना किती मोठी दुःखं असतात", "घरच्यांचा तरी विचार करा" ही वाक्यं टाळा. घरच्यांचा विचार त्याने इतका केलेला असतो की आपण त्यांच्यावर ओझं आहोत असं वाटूनच तो इथवर आलेला असतो.

७. सिस्टर, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. आमच्याकडे चाळीस पेशंटला रात्री एक सिस्टर असते. वन टू वन कुठून आणायचं?

बरोबर आहे तुमचं, आणि यात चूक तुमची नाही. तरी जे हातात आहे ते सांगते. पेशंटला कोपऱ्यातला किंवा बाल्कनीजवळचा बेड देऊ नका, नर्सिंग स्टेशनच्या समोरचा द्या. वरच्या मजल्यावरचा वॉर्ड असेल तर तळमजल्यावर हलवता येतो का ते डॉक्टरांना विचारा. वॉर्डातल्या मावशी-मामांना नाव घेऊन सांगा की या पेशंटकडे येता-जाता बघायचं आणि तो बेडवर नसेल तर आधी मला हाक मारायची, मग शोधायचं. ही माणसं वॉर्डात सगळ्यात जास्त फिरतात आणि त्यांना कुणी काही सांगतच नाही.

नातेवाईक बसणार असेल तर त्याला नुसतं "लक्ष ठेवा" म्हणू नका. काय करायचं ते सांगा: झोप आली तर मला उठून सांगा, चहाला जाताना सांगून जा, पेशंट बाथरूमला गेला तर बरोबर जा, तो काही बोलला तर लपवू नका. तरीही नातेवाईक ही मदत आहे, ऑब्झर्वेशनची जबाबदारी आपलीच राहते.

आणि माणूस कमी आहे हे इन्चार्ज सिस्टरला तोंडी सांगून थांबू नका, लिहून द्या, वेळ घालून, त्याच रात्री. कमी स्टाफ आहे म्हणून पेशंटला बांधून ठेवणं मात्र कायद्यात बसत नाही, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

८. विष घेऊन आलेला पेशंट मेडिसिन वॉर्डात असतो, सगळे म्हणतात नाटक आहे, लक्ष वेधायला केलंय. अशांना काय वागणूक द्यायची?

जी हार्ट अटॅकच्या पेशंटला देता तीच. पोटात नळी घालताना "आता कळलं का कसं लागतं" असं बोललेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय आणि पेशंटनेही ते ऐकलेलं असतं. वीस वर्षांची मुलगी, सासू पायथ्याशी उभी राहून "आमची अब्रू घालवलीस" म्हणतेय, नवरा बाहेर फोनवर, आणि सिस्टर तोंड फिरवून सलाइन लावतेय, तर या मुलीला पुन्हा जगावंसं वाटायला वॉर्डात नक्की काय मिळालं? समजा लक्ष वेधायलाच केलं असलं तरी लक्ष मिळवायला जिला जीव पणाला लावावा लागतो तिला त्या लक्षाची गरजच आहे ना. प्रयत्नाने शरीराला इजा किती झाली यावरून मरायचा इरादा किती होता ते ठरवू नका, पुष्कळांना कशाने किती होतं याची काही कल्पना नसते.

कामाच्या गोष्टी दोन. शुद्धीवर आल्याबरोबर एकांतात, घरचे नसताना, प्रश्न १ सारखं विचारा, आणि घरी मारहाण होते का तेही विचारा. दुसरं, शरीर बरं झालं म्हणून मानसोपचार रेफरन्स न होता डिस्चार्ज होऊ देऊ नका. डॉक्टर विसरतात, सिस्टरने आठवण करायची.

९. काल रडत होता, आज एकदम शांत, हसतोय, सगळ्यांशी बोलतोय. बरा झाला ना?

झालाही असेल. पण कधीकधी मनातली ओढाताण संपलेली असते कारण निर्णय होऊन गेलेला असतो. आजार तोच, औषधाला अजून वेळ झालेला नाही, परिस्थितीत काही बदललं नाही आणि तरी रातोरात शांतता आली तर लेव्हल कमी करू नका, जाऊन बसा आणि विचारा: "आज बरं दिसताय, कशामुळे?" खरंच बरं वाटत असलेल्या माणसाला कारण सांगता येतं, झोप लागली, भाऊ भेटून गेला, आणि तो पुढच्या आठवड्याबद्दल बोलतो.

१०. डिप्रेशनच्या गोळ्यांनीच आत्महत्येचे विचार वाढतात म्हणे?

पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत असे विचार वाढू शकतात, अमेरिकेत पाकिटावर तसा इशारा आहे, २००४ मध्ये तो अठराच्या आतल्यांसाठी आला आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ गोळी देऊ नका असा नाही, त्या आठवड्यांत जास्त बघा असा आहे. बेचैनी, झोप उडणं, चिडचिड अचानक वाढली तर लगेच कळवायचं. शिवाय मोठ्यांमध्येही मन उभारी धरायच्या आधी अंगात ताकद येते, तो मधला काळ जपायचा. मनाने गोळी बंद करणं सगळ्यात वाईट.

दुसऱ्या बाजूने, लिथियमने मूडच्या आजारात आणि क्लोझापिनने स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका कमी होतो. पेशंट खातपीत नाही, धोका फार आहे, तेव्हा ईसीटी (शॉक ट्रीटमेंट) लवकर काम करते, आणि ती भूल देऊनच करायची असा आता कायदा आहे.

वॉर्डात गोळी समोर गिळेपर्यंत थांबा, पाणी पाजा, दोन वाक्यं बोला. उशाशी ठेवून पुढे जाऊ नका.

११. पेशंट म्हणाला "सिस्टर, तुम्हालाच सांगतोय, कुणाला सांगू नका" आणि मग सगळं सांगितलं. आता?

जिवाच्या धोक्याची गोष्ट गुपित ठेवायची नसते, मानसिक आरोग्य कायदाही गोपनीयतेला ही सूट देतो. पण फसवल्यासारखं करू नका. ऐकून झाल्यावर सांगा: "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. हे मी एकटीजवळ ठेवू शकत नाही, डॉक्टरांना सांगणार आहे, तुमच्यासमोरच सांगते." घरच्यांना मात्र जेवढं सुरक्षेसाठी लागेल तेवढंच सांगायचं. प्रेमप्रकरण, कर्ज कुणाचं, हे सगळं सांगत बसायचं नाही.

१२. "परत असं करणार नाही" असं लिहून सही घेतली तर?

काही उपयोग नाही. त्या कागदाने जीव वाचतो असा पुरावा नाही, सिस्टरला उगाच सुरक्षित वाटतं आणि पेशंट पुढच्या वेळी सांगायचाच बंद होतो. कागद करायचाच तर पुढच्या प्रश्नातला करा.

१३. डिस्चार्ज देताना काय करायचं? घरच्यांना काय सांगायचं?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मानसोपचार वॉर्डातून घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा आणि एकूणच पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे असतात, आणि आपल्याकडे डिस्चार्ज म्हणजे बिल, फाइल आणि औषधाची चिठ्ठी.

पेशंटबरोबर बसून सेफ्टी प्लॅन लिहा, त्याच्या हाताने, त्याच्या भाषेत. एका काकांचा असा होऊ शकतो: "संध्याकाळी अंधार पडला की डोकं फिरायला लागतं, जेवावंसं वाटत नाही, म्हणजे सुरू झालं. तेव्हा गोठ्यात जायचं, रेडिओ लावायचा. नाही थांबलं तर पारावर जाऊन बसायचं. तरी नाही तर धाकट्या भावाला फोन, त्याला सांगायचं की तसलं मनात येतंय. मग १४४१६. मग तालुक्याच्या दवाखान्यात." आणि सगळ्यात खाली: घरातलं काय कुणाच्या ताब्यात द्यायचं. भावाला त्याच वेळी बोलावून हे वाचून दाखवायचं, त्याला माहीत नसेल तर कागदाला अर्थ नाही.

घरच्यांना सांगायचं ते असं की औषधं कुलपात, रोजची रोज हातात द्या. शेतीची औषधं घरात नकोतच, शेतावरच्या पेटीत कुलूप लावून, किल्ली दुसऱ्याकडे. बरेच जण म्हणतात की ज्याला करायचंय तो काहीही करून करेल. तसं नसतं, ती तीव्र लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९५ पासून जहाल कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण जवळपास सत्तर टक्क्यांनी उतरलं.

आणि फोन करा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, प्रयत्न करून कॅज्युअल्टीत आलेल्या लोकांवर अभ्यास केला, २००८ मध्ये तो छापला. एक तासभर समजावणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढंच. त्या गटात आत्महत्येने गेलेले ०.२ टक्के, नेहमीच्या उपचाराच्या गटात २.२ टक्के. "जेवलात का, झोप लागते का, गोळ्या आहेत का संपल्या" एवढा फोन कुठल्याही वॉर्डातून होऊ शकतो. फॉलोअपची तारीख आठवड्याच्या आतली घ्या आणि आला नाही तर त्याच दिवशी विचारा.

१४. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे ना? पोलीस केस होते म्हणून लोक हॉस्पिटलला आणतच नाहीत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, शिवाय त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलंच नाही. फक्त सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवायला किंवा भाग पाडायला केलेला प्रयत्न, तेवढा कलम २२६ मध्ये गुन्हा आहे.

एमएलसी (मेडिकोलीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) अजूनही होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, कारण कुणी छळ केला होता का ते बघायचं असतं. एमएलसी म्हणजे पेशंटवर गुन्हा नाही, हे नातेवाइकांना पहिल्या पाच मिनिटांत सांगा. जबाब पेशंट शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत असेल तेव्हाच, ते डॉक्टर ठरवतात.

१५. नातेवाईक म्हणतात बांधून ठेवा. काही म्हणतात घरी नेतो, डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय असा कागद) लिहून देतो. काय करायचं?

बांधणं: मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे लगेचचा धोका टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, पद्धत-कारण-वेळ लिहून, आणि नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला (कायद्याप्रमाणे पेशंटचा नेमलेला प्रतिनिधी) २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी म्हणून नाही. एकट्याला खोलीत कोंडणं पूर्ण बंद. बांधलंच तर सोबत कुणीतरी बसलंच पाहिजे, हातापायाचा रंग, पाणी, लघवी बघत.

डामा: धोका असताना सही झाली की हात झटकले असं होत नाही. डॉक्टरांना बोलवा. कलम ९४ प्रमाणे जीव वाचवायला कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर कुठल्याही दवाखान्यात ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो, रिप्रेझेंटेटिव्ह हजर असेल तर त्याच्या संमतीने, आणि पुढे कलम ८९ ची सपोर्टेड ॲडमिशन, म्हणजे रिप्रेझेंटेटिव्हच्या अर्जावरून दाखल करणं, आहे. पण बहुतेक वेळा घरी न्यायचं कारण पैसे, शेतीची कामं किंवा गावात बोभाटा हे असतं, ते आधी विचारलं तर निम्मे लोक थांबतात. तरी नेलंच तर प्रश्न १३ मधलं सगळं करून द्या, रागाने फाइल टाकू नका.

१६. दारू प्यायलेला, लहान मुलं, बाळंतीण, म्हातारी माणसं, यांचं काही वेगळं असतं का?

दारूच्या नशेत बोललेलं "बरळतोय" म्हणून सोडू नका. सुरक्षित ठेवा, उतरल्यावर परत विचारा. दारू सुटल्यावरची बेचैनी आणि भास हेही धोक्याचेच.

अठराच्या खालचं मूल दाखल केलं तर पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायलाच पाहिजे. पण मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोला.

बाळंतिणीबद्दल जरा सविस्तर. झोप नाही, रडू येतं, हे सगळ्याच म्हणतात. पण बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नाही, "मी आई व्हायच्या लायकीची नाही", "बाळाला माझ्याशिवाय बरं" किंवा बाळाबद्दल काहीतरी विचित्र बोलणं, हे दिसलं की त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. आईला विचारताना बाळाबद्दलही विचारा, न घाबरवता: "बाळाला काही व्हावं असे विचार मनात येऊन भीती वाटते का?" घरच्यांना सांगा, माहेरी असो की सासरी, तिला आणि बाळाला दोघांनाच ठेवायचं नाही.

म्हातारी माणसं "देवाने आता न्यावं" म्हणतात ते पुष्कळदा नुसतं बोलणं असतं, पण जेवण-औषध सोडलं असेल तर नाही. विचारा.

१७. माझ्या ड्युटीवर पेशंट गेला. मला झोप लागत नाही. आणि कधीकधी मलाच नको वाटतं सगळं.

आधी दुसऱ्या वाक्याचं. प्रश्न १ तुम्हालाही लागू आहे, आणि तुम्ही नर्स आहात म्हणून तुमचं वेगळं काही नसतं. आज कुणालातरी सांगा, मैत्रीण, इन्चार्ज, १४४१६, आणि आपल्याच हॉस्पिटलात दाखवायची लाज वाटत असेल तर दुसरीकडे दाखवा. पुणे-येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे, आणि जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते.

पेशंट गेल्यावर चौकशी होते, कागद मागतात, आणि त्या गडबडीत त्या रात्रीच्या सिस्टरला पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. सगळं नीट करूनही काही पेशंट जातात. त्या रात्री जे केलं ते जसं घडलं तसं लिहा, मागाहून काही जोडू नका, खोडू नका. टीमने एकत्र बसून बोलायला मागा, दोष कुणाचा हे शोधायला नाही, काय दिसलं होतं आणि काय सुटलं हे बघायला. पुढच्या ड्युटीला लगेच तोच बेड नको असेल तर सांगा, इन्चार्जने बदलून द्यायलाच हवा. आणि वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटना काय झालं ते कळलेलंच असतं, त्यांच्यापाशी त्याच दिवशी जाऊन बसा, कसं झालं याचा तपशील न सांगता, आणि एकेकाला विचारा.